अर्ध्या विटेची भिंत

भिंत पाडायची ठरली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती अर्ध्या विटेची होती, म्हणजे जेमतेम एका विटेच्या रुंदीएवढी जाड. इतकी वर्षं मी तिच्याकडे तोंड करून कांदे परतले, दूध उतू जाऊ नये म्हणून उभी राहिले, पण तिची जाडी किती हे कधी मनातही आलं नाही. इंजिनियर आला, त्यानं बोटांनी तिच्यावर टकटक केलं आणि म्हणाला, "या भिंतीवर कसलाही भार नाही, खुशाल पाडा." तो इमारतीच्या भाराबद्दल बोलत होता, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबरच होतं.

हा सगळा उद्योग आमच्या नातीचा. लहानपणी तिच्या हाताला यांची लाकडी पट्टी लागली आणि ती घरभर मोजत सुटली. उशा मोजल्या, मांजर मोजलं, मांजराची शेपटी वेगळी मोजली. शेवटी यांच्या नाकाला पट्टी लावून तिनं आकडा जाहीर केला, तेव्हापासून हे तिला फुटपट्टी म्हणतात. पुढं ती घरं सजवण्याचंच शिकली, दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, आणि स्वतःचं काम सुरू करायची वेळ आली तेव्हा म्हणाली की पहिलं घर आजी-आजोबांचं. मुलाला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "आई, तिला करू दे. नाहीतर ती माझं घर पाडेल."

एका सकाळी तिनं जेवायच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि समजावून सांगू लागली. बसायची खोली, जेवायची जागा, स्वयंपाकघर, सगळं मिळून एकच मोठी खोली. पण तीन जागा तर वेगळ्या वाटल्या पाहिजेत, मग काय करायचं? बसायच्या जागेखाली गालिचा घालायचा, म्हणजे पायांना कळतं की इथून गप्पा सुरू. टेबलावर दिवा इतका खाली सोडायचा की त्याच्या उजेडाचं वर्तुळ तेवढंच जेवणाचं. फरशी मात्र सगळीकडे एकाच रंगाची, म्हणजे नजर कुठे अडखळत नाही. मध्ये एक सुटा ओटा. त्याला ती आयलंड म्हणाली, तेव्हा मी विचारलं की तिकडे जायला होडी लागेल का.

ती हसली नाही. कागदावरच्या भिंतीच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, तू आयुष्यभर या भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. आजोबा तिकडे, तू इकडे. मला लहानपणी या भिंतीचा राग यायचा. आता एकमेकांना दिसाल तरी."

असं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? यांना विचारलं, तर यांनी भिंग काढून तो कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासला आणि म्हणाले, "मापं बरोबर आहेत." हीच यांची संमती.

आता यांच्याविषयी सांगायला हवं. यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. अरुंद, काउंटरच्या मागं एक स्टूल आणि एक दिवा. गिऱ्हाईक काउंटरवर घड्याळ ठेवायचं, हे डाव्या डोळ्याला भिंग लावून घड्याळात डोकवायचे आणि घड्याळात बघतच त्या माणसाशी बोलायचे. वर्षानुवर्षं येणाऱ्या लोकांचे चेहरे यांना ओळखू यायचे नाहीत, मनगटं ओळखू यायची. मला बघायला आले तेव्हाही मान खाली होती. माझ्या आईनं नंतर काळजीनं विचारलं, मुलाला ऐकू येतं ना?

लग्नानंतर पहिले कित्येक दिवस मला वाटायचं, मुक्या माणसाबरोबर संसार करायचा आहे. समोर आले की हो, नाही, बरं, एवढंच. मग एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. हे दुकानातून येऊन खुर्चीत बसले. खुर्ची भिंतीला टेकवलेली, यांची पाठ भिंतीला, आणि भिंतीच्या या बाजूला माझा ओटा. बाजूच्या बिनदाराच्या चौकटीतून अचानक आवाज आला, "आज एक बाई नवऱ्याचं घड्याळ घेऊन आल्या होत्या. बंद पडलेलं. म्हणाल्या, चालू करू नका, नुसतं पुसून द्या."

मी पळी हातात घेऊन तशीच बाहेर धावले. पुढं काय झालं, असं विचारलं. हे माझ्याकडे बघून एकदम गोरेमोरे झाले आणि म्हणाले, "काही नाही, दिलं पुसून." संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज आला, तेव्हा मी जागची हलले नाही. ऐकतेय हे कळावं म्हणून पातेल्याच्या काठावर पळी दोनदा आपटली. टक टक. आणि आवाज चालू राहिला.

पुढचा सगळा संसार तसाच झाला. दुसऱ्याच्या दुकानातली नोकरी सोडून स्वतःचं दुकान काढतोय, हे यांनी मला त्या भिंतीतून सांगितलं. मुलगा नापास झाला, तेही. सासूबाई गेल्याची बातमी घेऊन आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आई गेली गं." मी शेगडी बंद केली आणि कपाळ भिंतीला टेकून उभी राहिले. पलीकडे हे खूप वेळ बोलत होते, आईच्या हातांबद्दल, तिच्या खोकल्याबद्दल. बोलणं संपेपर्यंत मी बाहेर गेले नाही. संपल्यावर गेले.

यामागचं कारण मी कधी शोधत बसले नाही. श्वास का घेतो, हे कोणी शोधत बसतं का? कालांतरानं तर ही आपली काही खास रीत आहे, हेच मी विसरून गेले. मला वाटायचं, आमचे हे संध्याकाळी बोलतात, काही पुरुष सकाळी बोलतात, एवढंच.

भिंत पडली. धूळ महिनाभर भांड्यांतून निघत राहिली. पण घर सुंदर झालं, हे मान्य करायलाच हवं. बसायच्या खोलीच्या खिडकीतलं ऊन पहिल्यांदाच माझ्या शेगडीपर्यंत आलं. नवा सोफा फुटपट्टीनं मुद्दाम स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवला होता. मधला ओटाही असा, की मी भाजी चिरत उभी राहिले की समोर हे. नणंदबाई बघायला आल्या, सगळीकडे फिरल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, चोरून खायची सोय गेली हो तुमची." मी म्हटलं, तुमच्या भावाची गेली, मी उघड खाते.

आणि हे बोलेनासे झाले.

आधी लक्षात आलं नाही. नव्या घरात माणूस जरा बुजतो. पण दिवसामागून दिवस गेले. संध्याकाळी हे सोफ्यावर बसायचे, ताठ, फोटो काढायला बसल्यासारखे. मी ओट्याशी. नजरानजर झाली की दोघंही हसायचो, जणू कुणाच्या तरी लग्नात भेटलोय. मग हे चष्मा पुसायचे, "अगं..." म्हणायचे, मी वर बघायची आणि हे म्हणायचे, "काही नाही." असं रोज होऊ लागलं. काहीतरी सांगायचंय आणि बाहेर पडत नाही, एवढं मला कळत होतं. विचारावं, तर चष्मा पुन्हा पुसायला घेत.

फुटपट्टीला संशय आला की आजोबांना कमी ऐकू येतंय. तिनं खोलीच्या टोकाला घड्याळ धरलं आणि विचारलं, ऐकू येतंय का? हे म्हणाले, "येतंय. मागं पडतंय, तेल घालायला हवं."

मग नवा फ्रिज आला. हमालांनी तो भल्यामोठ्या खोक्यातून बाहेर काढला, जागेवर बसवला आणि खोका खोलीच्या मधोमध उभा ठेवून ते खाली टेम्पोतून पावती आणायला गेले. खोका माझ्याहून उंच. त्याच्या पलीकडे सोफा, अलीकडे मी. मी दूध तापवायला ठेवलं होतं.

"अगं," खोक्यामागून आवाज आला, "मी त्या दिवशी बाजारात जातो म्हणालो ना, तेव्हा बाजारात नव्हतो गेलो."

माझा हात तसाच राहिला. किती दिवसांनी तो आवाज ऐकत होते! समोरासमोरचा तुटक आवाज नव्हे, तो जुना, सैल आवाज. मी पळी उचलून पातेल्याच्या काठाला लावणार तेवढ्यात हमाल परत आले, त्यांनी दोन्ही बाजूंनी खोका उचलला, आणि पलीकडे हे दिसले. यांना मी दिसले. यांनी चष्मा काढला.

मी जिन्यापर्यंत हमालांच्या मागं गेले आणि खोका परत मागितला. कशाला हवाय, असं त्यांनी विचारलं, मी म्हटलं लागतो. त्यांनी तो आणून पुन्हा उभा केला. पण एवढा सगळा तमाशा बघून हे उठून गॅलरीत गेले होते.

दूध उतू गेलं होतं. मी ओटा पुसत बसले आणि पुसता पुसता मला ती पहिली संध्याकाळ आठवली, गोरामोरा झालेला तो चेहरा आठवला. यांना ऐकू येत नव्हतं असं नाही, घर आवडलं नव्हतं असंही नाही. मी दिसत होते, एवढंच झालं होतं. आणि हे बाजारात नव्हते गेले, तर कुठं गेले होते?

त्या आठवड्यात फुटपट्टी फोटो काढणाऱ्याला घेऊन येणार होती. त्याआधी एकटीच आली, आणि तिच्या सुंदर खोलीच्या मधोमध, गालिच्याच्या कडेला, फ्रिजचा खोका उभा.

"आजी, हे काय?"

"राहू दे."

"राहू दे म्हणजे? एक भिंत पाडून तू पुठ्ठ्याची दुसरी बांधलीस?"

हे फिरायला गेले होते म्हणून बरं. मी तिला टेबलाशी, त्या खाली सोडलेल्या दिव्याखाली बसवलं आणि सगळं सांगितलं. घड्याळवाल्या बाई, पळी, सासूबाई, आणि बाजाराचं ते अर्धं वाक्य. सांगताना मलाच लाज वाटत होती. एवढा संसार झाला आणि नवरा-बायको एकमेकांची तोंडं बघून बोलू शकत नाहीत, हे नातीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

तिचे डोळे भरले. म्हणाली, "मला वाटायचं भिंतीनं तुम्हाला तोडलंय. मी तर..." मी तिच्या हातावर चापट मारली आणि म्हटलं की रडून पुसायला नवी फरशी खूप मोठी आहे. शिवाय मला ऊन आवडलंय, ते परत द्यायचं नाही. फक्त आजोबांना यातलं काही कळता कामा नये. कळलं, तर मग ते खोक्यामागंही बोलायचे नाहीत.

ती कामाला लागली. आधी तिनं उभ्या लाकडी पट्ट्यांचा आडपडदा आणून लावला. दिसायला फार छान. हे सोफ्यावर बसले आणि पट्ट्यांच्या फटींतून माझ्याकडे असे बघू लागले की मलाच तुरुंगात असल्यासारखं वाटलं. मग तिनं तिथं कुंड्यांची मांडणी लावली. यांनी दर थोड्या वेळानं उठून झाडांना पाणी घातलं. दोन रोपं कुजली, शब्द एकही फुटला नाही.

शेवटी ती वैतागून माझ्यासमोर उभी राहिली. "आजोबा बसायचे कसे, ते मला नीट सांग. खुर्ची कुठं, तोंड कुठं?"

मी सांगितलं. खुर्ची भिंतीला, तोंड खिडकीकडे.

ती सोफ्यावर जाऊन बसली, स्वयंपाकघराकडे तोंड करून. मला म्हणाली, काम कर. मी भाजी चिरू लागले. थोड्या वेळानं ती उठली, सोफा ढकलत ढकलत उलटा फिरवला आणि खिडकीकडे तोंड करून पुन्हा बसली. आता मला तिचं फक्त डोकं दिसत होतं, तेही मागून. विस्कटलेले केस.

मग तशीच, न वळता म्हणाली, "आजी, मला ना, या कामाची फार भीती वाटते. पहिलंच घर, आणि तेच चुकलं तर?"

मी पळी उचलली आणि पातेल्यावर दोनदा आपटली.

ती वळून बघायला लागली आणि हसत सुटली. "भिंत लागतच नाही," ती म्हणाली, "पाठ लागते!"

हे फिरून आले तेव्हा तिनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की सोफा चुकून उलटा ठेवला गेला होता, अशा मोठ्या खोलीत सोफ्याची पाठ स्वयंपाकघराकडे हवी, म्हणजे बसायची जागा आपोआप वेगळी होते, असा नियमच आहे. यांनी मान डोलावली. नियम म्हटल्यावर हे कधीच वाद घालत नाहीत.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मात्र धुराचा पंखा लावणं बंद केलं, कारण त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. फुटपट्टीनं बजावलं होतं की पंखा नसेल तर सोफ्याच्या कापडाला कांद्याचा वास बसेल. बसू दे म्हटलं.

मग एका संध्याकाळी मी बटाटे उकडायला ठेवले होते. खिडकीबाहेर उजेड उतरत होता. सोफ्याच्या पाठीवरून यांचं पांढरं डोकं दिसत होतं.

"अगं."

मी वर बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी कुणाला दिसणार होतं?

"त्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो."

टक टक.

"डाव्या डोळ्यानं सगळं धुरकट दिसतं. भिंगाचा डोळा तो. ऑपरेशन करायला सांगितलंय. डॉक्टर म्हणाले, साधं आहे, काही काळजी करू नका." जरा थांबून म्हणाले, "हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचो. साधं आहे, काळजी करू नका."

टक टक.

"आणि कधी कधी स्प्रिंग उडून जायची. मग दिवसभर जमिनीवर शोधत बसायचो." पांढरं डोकं हललं. "मला भीती वाटते गं."

मला धावत जाऊन यांचे हात धरावेसे वाटले. मी शेगडी बंद केली, ओट्याला दोन्ही हात टेकले आणि उभी राहिले. जुन्या सवयीनं कपाळ पुढं झुकलं, पण टेकायला आता काही नव्हतं. म्हणून मी बोलले.

"मी येते बरोबर."

"तू कुठं येतेस? तिथं बसायला जागा नसते."

"उभी राहीन. सवय आहे."

हे हसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुकान बंद केलं तेव्हाच दिसायला कमी झालं होतं, हे मला माहीत नव्हतं. लोक घड्याळं दुरुस्त करत नाहीत म्हणून बंद करतोय, असं यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातली बारीक चकती यांना दिसलीच नव्हती. बटाटे थंड झाले. बोलणं संपल्यावर मी गेले, सोफ्याला वळसा घालून यांच्याशेजारी बसले.

ऑपरेशनच्या दिवशी फुटपट्टी परस्पर दवाखान्यात येणार होती. आम्ही टॅक्सी बोलावली. हे माझ्यासाठी मागचं दार उघडून स्वतः माझ्या शेजारी बसायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही पुढं बसा, पाय पसरता येतील."

हे पुढं बसले, ड्रायव्हरच्या शेजारी. मी मागं. गाडी गल्लीतून बाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली, आणि समोरच्या काचेकडे बघत हे सुरू झाले. त्या घड्याळवाल्या बाईंचं पुढं काय झालं ते. पुसून घेतलेलं बंद घड्याळ घेऊन त्या गेल्या आणि पुढं दर वर्षी पुसायला आणायच्या. एकदा यांनी न विचारता ते चालू करून दिलं. मग त्या कधी आल्या नाहीत. अजून कळत नाही, म्हणाले, बरं केलं की वाईट केलं. एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी पूर्ण कधी ऐकली नव्हती.

ड्रायव्हर भला माणूस. तो मान डोलावत "हो काका", "होतं असं काका" म्हणत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा यांचं सासूबाईंविषयी सुरू होतं, आणि ते कुणा तिसऱ्यानं ऐकण्याजोगं नव्हतं. ड्रायव्हर अवघडला. म्हणाला, "काका, तुम्ही माझ्याशी बोलताय ना?"

"नाही," हे म्हणाले. "मागं बोलतोय."

मी पिशवीतून पाण्याची स्टीलची बाटली काढली आणि घराच्या किल्लीनं तिच्यावर दोनदा वाजवलं.